खपली धरू नये म्हणून

सोमवार, १ एप्रिल. सकाळी ७.१०
आजपासून घर आणि अकरा ससे माझ्या ताब्यात. एनिडला काल हॉस्पिटलमधून शुश्रूषागृहात हलवलं. खुब्याचं हाड बसवलंय, आता चालायला शिकवणार. सहा आठवडे लागतील म्हणे.

जाताना तिने तीन पानांच्या सूचना हातात दिल्या. पाणीपुरवठा खात्यात मी चौतीस वर्षं मीटर इन्स्पेक्टर होतो. चार हजार मीटर सांभाळले. अकरा सशांना तीन पानं! मोठी बहीण असली म्हणून काय झालं.

पान एक, कलम एक, खाली दोनदा रेघ: शनिवारी सहा तारखेला सकाळी दहाला चर्चच्या हॉलमध्ये लसीकरण. ससेपालक मंडळाचे सगळे सभासद आपापले ससे घेऊन येतात, कारण एका बाटलीत पन्नास सशांची लस असते आणि झाकण फोडलं की दोन तासांत संपवावी लागते. 'चुकवू नकोस, डेस्मंड.' मी कधी काय चुकवलंय?

पहिली सुधारणा केली. एनिडने सशांना नावं दिली आहेत, त्यात वेळ फार जातो. पिंजऱ्यांवर १ ते ११ आकडे रंगवले.

गुरुवार, ४ एप्रिल. दुपारी
जनावरांच्या डॉक्टरांकडून लसीकरणाची आठवण करणारं पत्र आलं. मथळा: 'आपल्या एग्झॉटिक पाळीव प्राण्यासाठी.' म्हणजे पोपट, अजगर, इग्वाना आणि आम्ही. गिलबेक गावात दीडशे वर्षं लोक ससे पाळतायत. यॉर्कशरच्या माणसाला त्याचाच ससा परदेशी म्हणून सांगणारी ही मिस फॅरर म्हणजे सत्तावीस वर्षांची पोर. पत्राला उत्तर लिहायचं ठरवलं. (लिहिलं नाही. पेन सापडलं नाही.)

संध्याकाळी पबमध्ये मंडळाचा चिटणीस नॉर्मन ग्लेडहिल भेटला. सत्तावीस तारखेला वसंत प्रदर्शन आहे. एनिड नाही, म्हणजे यंदा हार्लेक्विन जातीच्या गटात तुमचं कोणी नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, कोण म्हणतं नाही?

न. ३ ला उतरवणार. तोंड बरोबर मधोमध दुभागलेलं, अर्धं काळं, अर्धं नारिंगी. एनिडने छत्तीस वर्षं एकाला एक जोडून हा वंश तयार केला, आणि त्यातला सगळ्यात देखणा हाच. कप घेऊन थेट तिच्या खाटेपाशी जाणार. तिला बोलायला सुचणार नाही.

एकच अडचण. लस टोचली की कधीकधी तिथे गाठ येते, खपली धरते. परीक्षक बोटांनी अंग चाचपतात, गुण कापतात. मी नॉर्मनला विचारलं. तो म्हणाला, अरे, तीन आठवडे आहेत, तोवर सगळं जातं, आम्ही सगळेच टोचून आणतो, उगाच डोकं चालवू नकोस. नॉर्मन आयुष्यभर टपाल वाटत होता. जोखीम म्हणजे काय, हे त्याला कळणार नाही.

निर्णय: लस प्रदर्शनानंतर. सगळ्यांनाच. एकाला नको आणि दहांना हवी, असं केलं तर रजिस्टरमध्ये गोंधळ होतो.

शनिवार, ६ एप्रिल. सकाळी ११
खिडकीत उभा राहून बघतोय. पिंजरे घेऊन लोक हॉलकडे चाललेत. मिसेस ऑटिवेल दिसल्या नाहीत, त्यांना सर्दी झालीय. वय ब्याऐंशी, सहा ससे, घरात दुसरं कोणी नाही.

१०.४० ला मिस फॅररचा फोन. बाटली फोडलीय, पण बारापर्यंत तुमच्यासाठी थांबते, म्हणाली. सशांना जरा शिंका येतायत, आणू नये असं वाटतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, मग मी घरी येऊन बघते. मी म्हटलं, एवढंही काही नाही.

दुपारी ४.३०
एनिडला भेटून आलो. दारातून आत पाय टाकतोय तोच तिने विचारलं, टोचलं का सगळ्यांना? मी म्हटलं, झालं. टोचणार आहेच. तीन आठवडे आधी सांगितलं, इतकंच.

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वॉकर धरून खिडकीपर्यंत चालली. नऊ पावलं! व्यायाम घेणारी बाई म्हणाली, आठवड्यात पहिल्यांदा. एनिड तिला सांगत होती की मागच्या दारापासून सशांच्या शेडपर्यंत तीस पावलं आहेत, तेवढी आली की मी सुटले. माझ्या शब्दाचा औषधासारखा उपयोग झाला, याची नोंद इथे करून ठेवतो.

बुधवार, १० एप्रिल
न. ३ च्या केसांना चकाकी हवी. त्यावर उपाय म्हणजे डँडेलियनचा, त्या पिवळ्या रानफुलाचा, ताजा पाला. एनिडच्या सूचना, पान दोन: पाला फक्त परसातला, जुन्या रेल्वेलाइनच्या उतारावरचा कधीही नाही. कारण लिहिलेलं नाही. कारण न लिहिता दिलेली सूचना आमच्या खात्यात ग्राह्य धरत नसत.

परसातला पाला बोटाएवढा. उतारावरचा तळहाताएवढा. दोन पोती भरून आणला. सशांनी फडशा पाडला. एनिडला छत्तीस वर्षांत हे सुचलं नाही.

तिथे रानससे बरेच मेलेले दिसले. पाच मोजले, पुढे मोजले नाहीत. एक तर पाल्यातच पडलेला, जखम कुठेच नाही. कोणीतरी छऱ्याची बंदूक चालवतंय. ग्रामपंचायतीला कडक तक्रार लिहिली. यावेळी पेन सापडलं.

रविवार, १४ एप्रिल. सकाळी ८
न. ९ मेला. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसल्या जागी. नाकाला थोडं रक्त. वय झालं असावं.

८.३०
रजिस्टर पाहिलं. वय दोन वर्षं. सशाच्या मानाने ते कमी नाही.

गूजबेरीच्या झुडपाखाली पुरला. एनिडला आज सांगितलं नाही. रविवारी त्यांना जेवायला भाजलेलं मटण असतं, तिची भूक मरायला नको. ती बावीस पावलं चालली.

मंगळवार, १६ एप्रिल
न. ५ आणि न. ६. चहा घेत होतो तेव्हा शेडमधून किंकाळी ऐकू आली. ससा ओरडतो हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. जाईपर्यंत संपलं होतं.

मिस फॅररला बोलावलं. (माझा स्वतःचा निर्णय. कोणी सांगितलं नव्हतं.) तिने न. ५ कडे एकदा पाहिलं आणि सशांच्या रक्तस्रावी तापाचं नाव घेतलं. यावर औषध नाही, फक्त लस आहे, म्हणाली. मग विचारलं, शिंका थांबल्या का? मी म्हटलं, कसल्या शिंका? मग आठवलं. तोपर्यंत ती दुसरीकडे बघायला लागली होती.

पाला कुठून आणता, असंही तिने विचारलं. हा रोग रानसशांकडून पाल्यावरून, बुटांवरून, माश्यांवरून येतो. मी म्हटलं, परसातून.

उरलेल्या आठांना तिने तिथेच लस टोचली. पण अंगात ताकद यायला आठवडा लागतो, ज्यांना आधीच लागण झालीय त्यांना हिचा उपयोग नाही, असं म्हणाली. मला ती उगाच घाबरवते असं वाटलं. लस ती लस. आता काळजी मिटली. न. ३ ला मानेमागे टोचायला लावली, तिथे केस दाट आहेत.

बुधवार, १७ एप्रिल
शेडमध्ये एक पोतं पाला उरलाय. रेल्वे उताराचा. फेकावा की घालावा? फेकला तर आपणच कबूल केल्यासारखं होतं. पाल्याकडे पाहून तर काही कळत नाही, हिरवागार आहे. अर्धा घातला.

शुक्रवार, १९ एप्रिल. गुड फ्रायडे
१, २, ८, ११.

आणखी काही लिहिण्यासारखं नाही. फावड्याचा दांडा मोडला, शेजारून दुसरं आणलं. शेजारीण म्हणाली, बागकाम जोरात दिसतंय. मी म्हटलं, हो.

पाला उकिरड्यावर टाकला.

रविवार, २१ एप्रिल. ईस्टर
४ आणि १०. दोनच उरले.

शेजारणीने चॉकलेटचा ससा आणून दिला. सोनेरी कागद, गळ्यात घंटी. कपाटात ठेवून दिला.

एनिडकडे गेलो नाही, पोट बिघडल्याचा निरोप दिला. तिने उलटा निरोप पाठवला: आज तीस झाली. पूर्ण तीस. शेडमधल्या सगळ्यांना सांग.

मंगळवार, २३ एप्रिल. सकाळी ६.४०
काल न. ७. आज न. ३.

न. ३ च्या बाबतीत मी कसूर केली नाही, हे लिहून ठेवतो. पहाटेपासून शेडमध्ये स्टुलावर बसलो होतो. तो पाय पसरून पडला, मान मागे गेली. मी हात लावला नाही, कारण डॉक्टरीणबाईंनी स्वच्छता पाळा म्हणून सांगितलं होतं. मग लावला. मानेमागे खपली धरली होती. अगदी छोटी. परीक्षकाला कळलीही नसती.

शेड ब्लीचने धुतली. नॉर्मनला कळवलं की प्रदर्शनातून नाव काढ. का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरगुती कारण.

गुरुवार, २५ एप्रिल
एनिडला सांगायचं ठरवून गेलो आणि सांगितलं. ठरवलं ते केलं. हे सगळ्यांना जमत नाही.

भाषण तयार केलं होतं, पण 'एनिड, ससे' एवढं म्हणेपर्यंत तिने ओळखलं. किती, विचारलं. मी म्हटलं, सगळे. ती बराच वेळ चादरीची शिवण ओढत बसली. मग तिने एकच गोष्ट विचारली: पण लस दिली होती ना?

मी म्हटलं, हो.

यात खोटं काय आहे? दिली होती. सोळा तारखेला, आठ जणांना, रजिस्टरमध्ये नोंद आहे. कधी दिली, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा सांगितलं असतं.

ती म्हणाली, मग लसच नासकी होती. तिने माझा हात हातात घेतला. तू सगळं बरोबर केलंस रे डेस्मंड, आणि तरी तुझ्यावर ही वेळ आली, म्हणाली. साठ वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. बसमध्येही पुन्हा आलं.

सोमवार, २९ एप्रिल
एनिड स्वस्थ बसणारी नाही, हे मी विसरलो. तिने खाटेवरून मंडळातल्या सात जणांना फोन केले. सगळे सहा तारखेचं लसीकरण चुकलेले, चार मेच्या दुसऱ्या लसीकरणाला जाणारे. लसीचा काही उपयोग नाही, माझे अकराही गेले, उगाच जिवांना सुया टोचू नका, असं तिने त्यांना सांगितलं. छत्तीस वर्षं ससे पाळलेली बाई. तिचा शब्द कोण मोडणार?

नॉर्मन दारात येऊन भडकला. सातच्या सात जणांनी नावं काढून घेतली, म्हणाला. खरंच सगळ्यांना टोचलं होतंस का? मग तू हॉलमध्ये मला कसा दिसला नाहीस? मी म्हटलं, उशिरा आलो होतो. तो म्हणाला, मी तर साडेबारापर्यंत झाडू मारत होतो. मी म्हटलं, मग तुझी पाठ असेल.

दुपारी मिस फॅररचा फोन. तुमच्या बहिणीला खरं माहीत आहे का? मी म्हटलं, केव्हाच सांगितलं, पण दुःखात माणूस काहीही बोलतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिच्याजवळ सशांचं नावही काढू नका असं बजावलंय. ती म्हणाली, एकाच्या जनावरांबद्दल मला दुसऱ्यांशी बोलता येत नाही, पण तुम्हाला येतं, मिस्टर होलरॉइड. चार तारखेच्या आत बोला.

संकल्प: चार तारखेच्या आत बोलणार.

गुरुवार, २ मे
बोलायलाच गेलो होतो. एनिड भिंतीकडे तोंड करून पडलेली. व्यायामाची बाई म्हणाली, ईस्टरनंतरच्या त्या गुरुवारपासून एक पाऊल टाकलेलं नाही. वॉकरवर टॉवेल वाळत होता. अशा अवस्थेत तिला आणखी धक्का देणं माणुसकीला धरून झालं नसतं. तिची तब्येत सुधारली की बोलणार. सुधारावी म्हणून व्यायामाचं वेळापत्रक आखून भिंतीला चिकटवलं, तीन रंगांत.

शनिवार, ४ मे
हॉलसमोरून सहज फिरत गेलो. आत मिस फॅरर, नॉर्मन आणि एक जोडपं, दोन ससे. पन्नासांची बाटली. बारा वाजता तिने उरलेली ओतून टाकली असणार. मी थांबलो नाही.

सोमवारी नक्की.

बुधवार, ८ मे
सोमवारी सार्वजनिक सुट्टी होती. बस कमी असतात.

शनिवार, ११ मे. दुपारी ३
मिसेस ऑटिवेल यांचा फोन. एनिडचा तिथला नंबर त्यांच्याकडून हरवला, म्हणून इथे केला.

त्यांचे चार गेले. पाचवा आज सकाळपासून खात नाही. आवाज बारीक झाला होता, पण त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्या ताईंना माझा निरोप द्या हो. त्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं झालं. नाहीतर मी त्यांना त्या हॉलमध्ये घेऊन गेले असते, परक्या माणसांत सुया टोचून घेतल्या असत्या, आणि शेवटी हेच व्हायचं होतं. निदान घरात, माझ्याजवळ गेले. तुमचेही फार आभार. तुम्हाला किती सोसावं लागलं, आणि वर आमची काळजी.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

खरोखर हेच शब्द तोंडातून निघाले. फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. मी लाज वाटणारा माणूस नाही, तसं कधी कारणच पडलं नव्हतं. आज पडलं.

३.४०
परत फोन केला. उचलला नाही. पाचव्याजवळ बसल्या असतील.

रविवार, १२ मे
एनिडला सगळं सांगितलं. सहा तारीख, शिंका, खपली, कप, रेल्वेचा उतार, अर्धं पोतं. मिसेस ऑटिवेल यांचे चार. मध्ये एकदा मी म्हणालो, हेतू चांगला होता. तिने डोळे मिटले, तेव्हा ते वाक्य सोडून पुढे गेलो.

ती ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. उत्तरंही तयार होती. ती म्हणाली, चष्मा दे, आणि फोन.

पहिला फोन मिसेस ऑटिवेल यांना. मी एनिड बोलतेय, म्हणाली. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या सशांना लस वेळेवर दिलीच नव्हती. लस चांगली आहे. तुमचे माझ्यामुळे गेले. पलीकडून मिसेस ऑटिवेल काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मग एनिडने विचारलं, पाचवा? आणि म्हणाली, बरं. सहावा आहे ना अजून? त्याला वेगळं ठेवा, मी डॉक्टरीणबाईंना आत्ताच्या आत्ता तुमच्याकडे पाठवते.

मग मिस फॅररला. मग बाकीच्या सहांना, एकेक करून. प्रत्येकाला तेच. मी चुकीचं सांगितलं. आमच्याकडून लस राहिली. उद्याच्या उद्या टोचून घ्या. कोणीतरी फार बोललं असावं, कारण ती तीन-चारदा नुसतं 'हो, बरोबर आहे तुमचं' म्हणत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी चष्म्याची डबी धरून बसलो होतो. शेवटचा फोन झाला तेव्हा तिने तो तसाच माझ्याकडे दिला, बंद मी केला.

निघताना म्हटलं, सहा आठवडे भरतायत, डॉक्टर म्हणतात शुक्रवारी घरी सोडतील. अकरा वाजता टॅक्सी घेऊन येऊ का?

ती म्हणाली, इथेच एक खोली रिकामी होतेय, मी विचारलंय. मी म्हटलं, अगं पण घर? ती म्हणाली, तुला आहे ना.

आठ फोन केले तिने. माझं नाव एकदाही घेतलं नाही.